ओढा नावाचं बटण

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की सांगितलं नाही. मी रांगत होते तेव्हाच आत्याने माझं नाव जमदग्नी ठेवलं, आणि मग मला नावं ठेवायला घरात कुणी कमी पडलं नाही. लग्न झाल्यावर नवऱ्याने ते आठवड्याच्या आत उचललं. तो दातांचा डॉक्टर आहे. समोरच्याच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबायचे आणि आपण बोलत राहायचं ही त्याची धंद्यातली सवय, आणि ती तो घरी आल्यावरही सोडत नाही.

पोटासाठी मी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्राम लिहिते. कुठल्या मजल्यावर कुठली लिफ्ट आधी पाठवायची, कुणाला ताटकळत ठेवायचं, हे माझा प्रोग्राम ठरवतो आणि शिव्या लिफ्टला पडतात. हौसेसाठी मात्र मी एका खेळावर काम करते. शहर वसवायचा खेळ आहे. चौकोनांत आखलेली मोकळी जमीन मिळते. तिच्यावर रस्ते काढायचे, घरं बांधायची, पाणी आणायचं, आणि मग माणसं आपली आपण राहायला येतात. हा खेळ कुणाच्याच मालकीचा नाही. त्याचा कोड सगळ्यांना उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. जगभरातली माझ्यासारखी माणसं घरदार सांभाळून तो सुधारत असतात. नवरा याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतो. म्हणू दे बापडा.

पण मी त्यात पहिला रस्ता काढला तो दिवस मी विसरलेले नाही. रस्त्याच्या कडेला एक घर उभं राहिलं, दार उघडलं आणि तांदळाच्या दाण्याएवढी एक बाई बाहेर पडली. माझ्या रस्त्याने चालत निघाली. कोपऱ्यावर गाडी येत होती म्हणून थांबली, गाडी गेल्यावर वळली आणि कामाला गेली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आत सगळी बेरीज-वजाबाकी आहे हे मला ठाऊक होतं, मी तेच करून तर जेवते. तरीसुद्धा मी तोंडावर हात ठेवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

खेळाचा कारभार एका दूरदेशीच्या माणसाकडे आहे. त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही. कुणीही केलेला बदल त्याने तपासल्याशिवाय आत जात नाही, म्हणून मी त्याला नगराध्यक्ष म्हणते. तो मोजकं लिहितो, कौतुक तर कधीच करत नाही, आणि स्वल्पविरामाची चूकसुद्धा परत पाठवतो. आमचं दोघांचं वाजतं म्हणजे चांगलंच वाजतं.

या खेळाला एक जुनं दुखणं होतं. रस्ता काढायचा तर माउसचं बटण दाबून धरायचं आणि हात फिरवायचा. सावकाश फिरवला तर ठीक. जरा जोरात फिरवला की रस्ता तुटक यायचा: चार चौकोन रस्ता, मग रान, मग पुन्हा दोन चौकोन रस्ता. कारण साधं आहे. हात सरकतो अखंड, पण संगणक त्याच्याकडे अखंड बघत नाही. तो मधूनमधून डोळा उघडतो, माउस कुठे आहे ते टिपतो आणि पुन्हा डोळा मिटतो. तेवढ्यात हात पार पुढे गेलेला असतो आणि मधली वाट राहून जाते. हे दुखणं काढायला कुणी पुढे होईना, तेव्हा मी पदर खोचला.

आता आत्याबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिची आहे. आत्याने लग्न केलं नाही, ती आमच्याकडेच राहते. नकाशांच्या कचेरीत ती ट्रेसर होती. मोजणीवाले पेन्सिलीने कच्चा नकाशा काढून आणायचे, आणि त्यावर ट्रेसिंगचं तलम कापड अंथरून आत्या तो शाईने पक्का करायची. रस्ते, हद्दी, इमारती पट्टी लावून कुणीही काढतं. पण ओढ्याला पट्टी लागत नाही. तो हातानेच काढावा लागतो, आणि ज्याच्या हातात ते नसतं त्याचा ओढा कागदावर मेलेला दिसतो. म्हणून ज्या नकाशात ओढा असेल तो न सांगता आत्याच्या टेबलावर यायचा.

शाळेला सुट्टी असली की ती मला आपल्याबरोबर कचेरीत न्यायची. टेबलाशी बसायचं तर श्वास बेताने घ्यायचा, ही अट. ती टाक दौतीत बुडवायची, निबेचं टोक दौतीच्या काठाला टेकवून जादा शाई निथळू द्यायची, आणि मग हात कापडावर नुसता धरायची. काही क्षण काहीच व्हायचं नाही. मग रेघ सुटायची. डोंगराच्या बाजूला केसासारखी बारीक, मग दुसरी येऊन मिळाली की जराशी रुंद, वळणावर रेंगाळणारी, उतारावर धावणारी. पाणी नव्हतंच तिथे, काळी शाई होती, पण मला ते वाहताना दिसायचं. त्यानंतर आयुष्यात मी खूप यंत्रं पाहिली, काही स्वतः चालवली. तसं नवल पुन्हा पाहिलं नाही. ओढा पुरा झाला की आत्या उजव्या कोपऱ्यात बारीक सही करायची: आधी अक्षरं, आणि मग त्यांच्या डोक्यावरची रेघ एका ओढीत, शेवटी किंचित वर गेलेली.

तोच हात पुढे थरथरायला लागला. आधी कपातला चहा बशीत यायला लागला, मग कप अर्धाच भरायला लागलो, मग तेही कुणी बोलेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, औषधाने आहे तिथे थोपवू, मागे फिरणार नाही. पण हात वापरात राहू द्या. एकदा ती बँकेत गेली तर सही जुळेना. तिथल्या मुलाने तीन वेळा कागद बदलून दिला, आदबीने दिला, आणि शेवटी शाईचं पॅड पुढे केलं. घरी येताना सगळी वाट ती अंगठा रुमालाला पुसत होती. “झाले गं मी अंगठाबहाद्दर,” दारात चपला काढताना म्हणाली आणि हसली. दुसऱ्या दिवशी तिने निबांची डबी भंगारवाल्याला देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. त्यानंतर तो हात शालीखाली गेला तो जेवणापुरता बाहेर यायचा.

मी चिडले, भांडले, तीन दिवस अबोला धरला. उपयोग शून्य. ती कुणाच्या अबोल्याला भीक घालणारी नव्हेच.

तर एका रविवारी सकाळी मी तुटक रस्त्याचं दुखणं काढलं. संगणकाने टिपलेल्या दोन जागांच्या मध्ये कुठले चौकोन पडतात ते शोधायचे आणि सगळे भरून टाकायचे. रस्ता सलग आला. कितीही जोरात हात मारा, सलग. मी आनंदाने घर डोक्यावर घेतलं. नवरा तोंडात ब्रश घेऊन आला. आत्या मागच्या खुर्चीत बसून बघत होती, ती जवळ आली आणि, मला खरं वाटेना, मी जरा बसू का असं तिने विचारलं.

मी उडी मारून उठले. तिने शाल सारली, हात बाहेर काढला, माउसवर ठेवला. आणि रस्ता उमटला तो करवतीच्या पात्यासारखा. प्रत्येक थरथर त्यात होती. आधीच्या तुटक रस्त्यात ती झाकली गेली असती. मी खपून सगळ्या फटी बुजवल्या होत्या, त्यामुळे आता एकही थरथर सुटली नव्हती.

“आधी तुझ्या यंत्राला नीट दिसत नव्हतं,” ती म्हणाली. “आता दिसायला लागलं.”

आणि उठली. नवरा ब्रश तोंडात तसाच धरून उभा होता. मला त्या क्षणी कळलं की मला काय हवं आहे. रस्ते गेले खड्ड्यात. मला या बाईच्या हातून पुन्हा एक ओढा निघालेला बघायचा होता.

पहिला उपाय मी दुसऱ्याच दिवशी केला: इथे दाबा, तिथे सोडा, मधे सरळ रस्ता आपोआप. आत्याला बळेच आणून बसवलं. रस्ता आला, दोरीसारखा सरळ. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुधात पाणी घालताना सापडले आहे. ही पट्टीची रेघ, म्हणाली, ही काढायला मी कशाला हवी, घरात एखादी वीटसुद्धा चालेल. नवरा फिसकन हसला. मी त्याच्याकडे बघितल्यावर दवाखान्यात काम आहे म्हणून निघून गेला.

दुसरा उपाय जरा शहाणा होता. हाताच्या गेल्या काही जागांची सरासरी काढायची आणि रेघ तिथून न्यायची, म्हणजे वर गेलेली थरथर आणि खाली आलेली थरथर एकमेकींना खाऊन टाकतील. खाल्ली त्यांनी. पण त्याबरोबर वळणंही खाल्ली. कोपरा आला की रस्ता कोपऱ्यापर्यंत न जाताच आतून वळायचा, पोरं मैदानातून आडवी जातात तसा. वर आत्याची थरथर मोठी, म्हणून सरासरीही मोठी घ्यावी लागे, आणि मग रेघ इतकी मंदावायची की हात थांबून पाणी पिऊन आला तरी ती पोचायचीच असायची. मी ते तसंच नगराध्यक्षाकडे पाठवलं. त्याने परत केलं. लिहिलं होतं की रस्ता हात नेईल तिथे जायला हवा, प्रोग्रामला बरं वाटेल तिथे नव्हे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यात आत्याचंही म्हणणं तेच होतं, शब्द तेवढे वेगळे. दोन टोकांना बसलेली ही दोन माणसं एकमेकांना न बघता मला एकाच गोष्टीसाठी बोलत होती.

मग आत्या बसेनाशी झाली. मी काही करायचं बाकी ठेवलं नाही, पण कशाचाच उपयोग झाला नाही. मधल्या काळात राग काढायला म्हणून मी खेळातले शब्द मराठीत आणले. ते यांत्रिक काम असतं: एक एक बटण घ्यायचं आणि त्याचं मराठी लिहायचं. थांबा, उघडा, बांधा, पाडा. माउस दाबून ओढत न्यायच्या बटणावर लिहिलं, ओढा. बटणावर आधीचंच चित्र होतं, एक नागमोडी रेघ आणि तिच्या टोकाला बाण. मी लिहिलं आणि विसरले.

आठवड्याभराने संध्याकाळी कामावरून आले तर आत्या संगणकापुढे बसलेली. एकटी. शाल खुर्चीच्या पाठीवर. स्क्रीनवर करवतींचं नुसतं जंगल माजलेलं. नवरा स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणा करत होता की गप्प राहा. मी दिसताच आत्या कडाडली. कसला भिकार खेळ आहे म्हणाली. दुपारपासून ओढा काढते आहे, आणि पाण्याचा एक थेंब नाही, सगळे मेले डांबराचे रस्ते निघताहेत.

मला आधी कळेचना. मग तिने थरथरतं बोट बटणावर ठेवलं. ओढा. नागमोडी चित्र. झालं, माझी तार सटकली.

“अगं आत्या, ओढा म्हणजे ओढा! खेचा!”

नवऱ्याला हसू आवरेना. मग खेचा असंच लिही ना, म्हणाला, निदान कुणाला तहान तरी लागणार नाही. मी तणतणत बटण बदलायला घेतलं. तेव्हा आत्या म्हणाली, आवाज खाली आणून, जशी कचेरीत बोलायची तशी:

“खेचतात दोरीला. रेघ ओढतात. टाक ढकलला की निब कापडात रुतते आणि शाई उडते. हात पुढे जायचा, रेघ त्याच्या मागून यायची. ओढाच ठेव.”

मी थांबले. पर्स अजून खांद्यालाच होती. मला भलतंच आठवलं. कचेरीत मी कंटाळायची म्हणून आत्याने मला एक गाडी करून दिली होती: निबांची रिकामी डबी, तिला दोऱ्याच्या रिळांची चाकं आणि पुढे हातभर दोरी. मी ती घेऊन व्हरांड्यात हुंदडायची, टेबलांना धडकत, शिपायाच्या पायातून, इकडून तिकडे. एकदा झाडलोट झाली नव्हती, जमिनीवर धूळ होती, तेव्हा आत्याने मला थांबवून मागे बघायला सांगितलं. माझी पावलं वेडीवाकडी, सगळीकडे नाचलेली. आणि त्यांच्यामधून गाडीच्या चाकांची वाट गेली होती. गाडी कुठे नाचलीच नव्हती. मी जिकडे गेले तिकडेच ती आली होती, पण सावकाश वळत, शहाण्या माणसासारखी.

मी इतके दिवस काय करत होते? हातालाच टाक समजत होते. हात हलला की रेघ हललीच पाहिजे, असं धरून त्या रेघेला मागाहून इस्त्री करत बसले होते. हात आणि टाक यांच्या मधे दोरी हवी, एवढं साधं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. लिफ्टवाल्यांना म्हटलं, आज जिने चढा. कोड एवढासा झाला, हातभरसुद्धा नाही. माउसच्या हाती दोरीचं एक टोक, दुसऱ्या टोकाला टाक. दोरी सैल आहे तोवर टाक जागचा हलणार नाही, हात कितीही थरथरू दे. दोरी ताणली गेली की टाक हाताच्या दिशेने येणार, जेवढा ताण तेवढाच. जिथून टाक गेला तिथले चौकोन भरायचे, ते मी आधी केलेलंच होतं. आणि रस्त्याबरोबर पाणीही त्याच टाकाने काढता येईल असं केलं: रेघ जाईल तिथे जमीन खचेल आणि पाणी भरेल. बटणावर शब्द तोच ठेवला.

जेवणं झाल्यावर दुपारी मी आत्याला बोलावलं. ती आली, पण हौसेने नव्हे, माझं मन राखायला. हात माउसवर ठेवला तसा माउस टेबलावर टकटक वाजायला लागला. स्क्रीनवर हाताच्या जागी मी एक बारीक वर्तुळ दाखवलं होतं, ते पिसाळलेल्या माशीसारखं नाचत होतं. त्याच्यापासून निघालेली दोरी सैल पडली होती, आणि दोरीच्या टोकाला टाक स्वस्थ होता.

आत्याने ते पाहिलं. हात धरून ठेवला, तसाच, काहीच न करता, आणि मला एकदम धूळ आणि शाईचा वास आला. मी श्वास बेताने घ्यायला लागले.

मग रेघ सुटली.

डोंगराच्या कडेने निघाली, बारीक. वर्तुळ तिच्यापुढे नाचतच होतं, माउस वाजतच होता, त्या हाताने काही म्हणजे काही सोडलेलं नव्हतं. आणि त्याच्यामागून ती येत होती, अंग न चोरता, घाई न करता. एका उंचवट्याला वळसा घातला. पुढे सपाटीवर रेंगाळली, जरा मागे आल्यासारखं केलं, आणि उतार लागताच धावली. मागोमाग जमीन खचत गेली आणि पाणी भरत आलं. आत्याने बटण सोडलं, वरच्या अंगाने दुसरी रेघ घेतली आणि पहिलीत आणून मिळवली. मिळाली ती काटकोनात नाही, पाणी पाण्याला मिळतं तशी, थोडं बरोबर चालून. तेवढ्यात कुठूनसा तांदळाएवढा एक माणूस काठावर आला आणि उभा राहिला. मी त्याच्यासारखीच उभी होते. डोळे भरून आले होते आणि मी ते पुसत नव्हते, कारण पुसायला गेले असते तर मधलं काहीतरी दिसायचं राहिलं असतं.

नवरा दवाखान्याच्या किल्ल्या न्यायला आला होता. तो किल्ल्या मुठीत धरून दारात थांबला.

आत्याने हात उचलला. तिचा चेहरा मात्र फुलला नव्हता. स्क्रीनकडे बघत म्हणाली, “हे मी काढलं, का तुझ्या दोरीने?”

दोरीने काढलं असेल तर मग सगळं मुसळ केरात. पट्टीच्या जागी दोरी आली एवढंच.

नवरा पुढे झाला. सरका आत्या, म्हणाला, मला बघू दे. दाढेच्या मुळात केसाएवढी सुई घालणारा त्याचा हात. डोंगर तोच, दोरी तीच, बटण तेच. जीभ दातांत धरून त्याने ओढा काढला. हात जराही हलला नाही. रेघ गुळगुळीत आली, आणि आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. दाढेचं मूळ दिसत होतं ते. मग मी बसले. माझा ओढा म्हणजे अंगणात टाकून दिलेला पाण्याचा पाइप होता.

“जावईबापू,” आत्या म्हणाली, “तुमचा ओढा चढावर चाललाय हो.”

आणि हसली. दारात चपला काढताना हसली होती तशी नव्हे. हसता हसता तिला ठसका लागला, नवरा पाणी आणायला धावला, आणि ती डोळे पुसत तिघांचे ओढे पुन्हापुन्हा बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, थरथर तेवढी दोरीने खाल्ली, बाकीचं माझंच आहे की गं.

मी बदल नगराध्यक्षाकडे पाठवला आणि सोबत तिचा ओढा असलेली ती जमीनही जोडली. त्याने सवयीप्रमाणे चार खोड्या काढल्या, मी सवयीप्रमाणे भांडले. एवढी लांब दोरी कुणाला लागणार आहे, असं त्याने विचारलं. माझ्या आत्याला, असं मी लिहिलं, आणि आणखी एक शब्द लिहिला नाही. त्याने बदल घेतला. मग काही दिवसांनी त्याचा दुसरा निरोप आला. ओढा ज्यांनी काढला त्यांची हरकत नसेल तर यापुढे कुणीही कुठेही नवा खेळ उघडला की पहिली जमीन हीच दिसावी, अशी त्याची इच्छा होती. त्या जमिनीकडे तो बराच वेळ बघत बसला होता, असंही लिहिलं होतं. फक्त नियम आहे: ज्याचं काम त्याची सही. नाव टाइप केलं तरी चालेल.

मी आत्याला वाचून दाखवलं. अनोळखी माणसं तिच्या ओढ्याच्या काठी शहरं वसवणार, हे तिला नीट समजावून सांगितलं. ती ऐकत होती. उजव्या हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसली होती.

“टाइप केलेली कसली सही?” ती म्हणाली. “कोरी जमीन दे. आणि दोरी वाढव जरा, आज हात फार नाचतोय.”

नवरा म्हणाला, वाढवा, वाढवा, आत्या, तुमची दोरी बळकट आहे. आत्याने त्याच्याकडे न बघताच सांगितलं की ती दुसरी दोरी वाढवणं आपल्या हातात नाही, ही आहे तर वाढवू या. मी वाढवली.

ती बसली. माउस टकटकायला लागला, वर्तुळ नाचायला लागलं. तिने पहिलं अक्षर पाण्याने काढलं. मग दुसरं. सावकाश, मधे थांबून, हात दमला की मांडीवर ठेवून. अक्षरं पुरी झाली तेव्हा ती मोकळ्या जमिनीवर सुटी सुटी पडली होती, चार-पाच तळी असावीत तशी, आणि मला वाटलं इथेच थांबते की काय. तिने वर्तुळ डावीकडे नेलं. बटण दाबलं. आणि डोक्यावरची रेघ एका ओढीत काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेवटी किंचित वर गेलेली. तळ्यांचं पाणी वर रेघेला जाऊन मिळालं आणि सगळं मिळून एक नाव झालं.

आत्याने हात मांडीवर घेतला. हात थरथरतच होता.

“जुळते का गं?” तिने विचारलं.

मी कचेरीतले सगळे नकाशे आठवले, सगळे उजवे कोपरे.

“तंतोतंत,” मी म्हणाले. पहिल्या अक्षराच्या काठावर तोवर कुणीतरी राहायला आलं होतं.